दारू ‘सोडवणारी’ गोळी नेमकं काय करते?

दारू सोडवणाऱ्या गोळीबद्दल लोकांचे दोन समज असतात आणि दोन्ही चुकीचे. पहिला असा, की गोळी सुरू केली की पिण्याची इच्छाच मरते. महिनाभर द्या, माणूस बाटलीकडे ढुंकूनही बघणार नाही. दुसरा असा, की ही गोळी म्हणजे विषच आहे, त्यापेक्षा दारू परवडली. बरीच कुटुंबं पहिल्या समजाने सुरुवात करतात. मग गोळी चालू असताना माणूस पितो, रात्री उलट्या, धाप आणि छातीत धडधड असा प्रसंग ओढवतो आणि घरचे दुसऱ्या समजावर येऊन थांबतात. गोळी बंद होते, दारू सुरू राहते.

या गोळीचं नाव डायसल्फिराम. ‘अँटाब्यूज’ या व्यापारी नावाने ती जगभर ओळखली जाते. अमेरिकेत तिला १९५१ साली मान्यता मिळाली, म्हणजे दारूच्या व्यसनावरच्या औषधांतली ही सगळ्यात जुनी. तिच्यानंतर वेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधं आली, त्यांच्याकडे शेवटी वळू. पण ‘दारूची गोळी’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात हीच येते आणि सगळ्यात जास्त गैरसमजही हिच्याच वाट्याला आलेत. ती शरीरात काय करते हे एकदा नीट कळलं, की कोणाला द्यायची, कोणी द्यायची आणि कशी कधीच द्यायची नाही, याची उत्तरं फारशी अवघड राहत नाहीत.

दारू पोटात गेल्यावर

दारूत नशा आणणारा पदार्थ असतो इथेनॉल. त्यातला थोडासा भाग श्वासावाटे आणि लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. बाकी ९० टक्क्यांहून जास्त इथेनॉल शरीराला, मुख्यतः यकृताला, निस्तरावं लागतं. हे काम एन्झाइम करतात. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकणारी प्रथिनं. प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं असतं.

इथेनॉलचा निपटारा दोन टप्प्यांत होतो. पहिलं एन्झाइम इथेनॉलचं रूपांतर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या पदार्थात करतं. दुसरं एन्झाइम त्या ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट बनवतं. ॲसिटेट निरुपद्रवी असतं, त्याचं पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. खरा त्रासदायक आहे तो मधला पदार्थ, ॲसिटाल्डिहाइड. तो विषारी आहे. पण एरवी तो शरीरात फार काळ रेंगाळत नाही, कारण तयार झाल्या झाल्या दुसरं एन्झाइम त्याला पुढे ढकलतं.

एखाद्या कचेरीतल्या दोन खिडक्या डोळ्यांसमोर आणा. पहिल्या खिडकीवर अर्ज घेतात, शिक्का मारतात आणि माणसाला दुसऱ्या खिडकीकडे पाठवतात. दुसऱ्या खिडकीवर काम उरकलं की तो बाहेर पडतो. दोन्ही खिडक्या सुरू असतील तर मधल्या जागेत गर्दी होत नाही. डायसल्फिराम दुसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाला कामावरून उठवतं. पहिली खिडकी मात्र नेहमीच्या वेगाने शिक्के मारतच राहते. मधल्या जागेत माणसं तुंबत जातात. शरीरात तुंबतं ते ॲसिटाल्डिहाइड, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण नुसत्या दारूने होतं त्याच्या पाच ते दहा पट चढतं.

यातली एक खोच महत्त्वाची आहे. उठवलेला कारकून परत येत नाही. डायसल्फिराम त्या एन्झाइमला कायमचं निकामी करतं आणि शरीराला नवीन एन्झाइम बनवून खिडकी पुन्हा सुरू करावी लागते. त्याला दिवस लागतात. म्हणून शेवटची गोळी घेतल्यानंतरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत टिकू शकतो. “कालपासून गोळी बंद आहे, आज प्यायला हरकत नाही” हा हिशोब इथेच फसतो.

मग काय होतं?

गोळी चालू असताना दारू पोटात गेली, की साधारण १० ते ३० मिनिटांत चेहरा आणि मान लालबुंद होते, अंगातून वाफा निघाल्यासारख्या वाटतात. डोकं ठणकतं, मळमळतं, उलट्या होतात, घाम फुटतो. छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब खाली येतो आणि उभं राहिलं की चक्कर येते. हा प्रकार अर्ध्या तासात ओसरू शकतो किंवा कित्येक तास चालू शकतो. किती प्यायला आणि गोळीचा डोस किती होता, यावर ते अवलंबून. काही जणांच्या बाबतीत प्रकरण तिथे थांबत नाही. हृदयाची लय बिघडणं, हृदयविकाराचा झटका, आकडी आणि मृत्यूपर्यंत ते जाऊ शकतं. असे प्रसंग विरळा असले तरी नोंदलेले आहेत, आणि अशक्त हृदयाच्या माणसाच्या बाबतीत त्यांना विरळा म्हणणंही धाडसाचं.

दारू पोटात गेली नाही तर यातलं काहीही होत नाही. गोळीचे स्वतःचे काही दुष्परिणाम आहेत, ते पुढे येतील. पण तिचा मुख्य परिणाम, ज्यासाठी ती देतात तो, दारूच्या थेंबाची वाट बघत बसलेला असतो.

निसर्गानेही हीच युक्ती केलेली आहे. पूर्व आशियातल्या, म्हणजे चीन, जपान, कोरियातल्या, बऱ्याच लोकांमध्ये हे दुसरं एन्झाइम जन्मतःच दुबळं असतं. त्यांचा चेहरा एका पेल्यातच लाल होतो आणि त्रास होतो. ज्यांना हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेला असतो, त्यांच्यात दारूचं व्यसन अगदी क्वचित आढळतं. औषध जे गोळीने घडवतं, ते त्यांच्या शरीरात आयुष्यभर चालू असतं.

रबराच्या कारखान्यातून आलेलं औषध

या औषधाचा शोध कोणी व्यसनमुक्तीसाठी लावला नाही. डायसल्फिराम आणि त्याची भावंडं असलेली रसायनं रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेत वापरली जात. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका रबर कारखान्यातले डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांनी लिहून ठेवलं, की या जातीच्या रसायनाजवळ काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. यातून व्यसनावर इलाज निघेल का, असा प्रश्नही त्यांनी तेव्हाच विचारला होता. तो तिथेच राहिला.

पुढचा टप्पा डेन्मार्कचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे संशोधक डायसल्फिरामचा विचार पोटातल्या कृमींवरचं औषध म्हणून करत होते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ते आधी स्वतः घेऊन पाहिलं. काहीच झालं नाही, म्हणजे दारू पिईपर्यंत काही झालं नाही. दोघांच्या तक्रारी सारख्याच निघाल्या, तेव्हा दोन अधिक दोन चार झाले. ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन या डॉक्टरांनी ते रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याची माहिती छापून आली.

सुरुवातीची वर्षं भाबड्या उत्साहाची होती. डोस आजच्या कितीतरी पट असत. रुग्णाला दवाखान्यात बसवून मुद्दाम दारू पाजत आणि “बघ, हे असं होतं” हा धडा देत. त्यात माणसं दगावली. आता नेहमीचा डोस दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि पाजून दाखवण्याची पद्धत बाद झाली आहे. या औषधाची ‘विष’ म्हणून जी बदनामी अजून टिकून आहे, तिची मुळं बरीचशी त्या काळात आहेत.

तलफ जातच नसेल, तर उपयोग काय?

इथे नीट थांबायला हवं, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. डायसल्फिराम तलफ कमी करत नाही. मेंदूतल्या ज्या भागांत दारूची ओढ तयार होते, तिथे जाऊन ही गोळी ती ओढ पुसत नाही. गोळी घेतलेल्या माणसाला संध्याकाळ झाली की पूर्वीसारखंच प्यावंसं वाटू शकतं.

मग काय बदलतं? निर्णय घेण्याची वेळ बदलते. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला दिवसभर ठरवत राहावं लागतं. कामावरून परतताना ठरवा, जुना सोबती भेटला की ठरवा, भांडण झालं की ठरवा, आनंदाची बातमी आली तरी ठरवा. प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणायचं आणि ज्या क्षणी तलफ सर्वांत जोरात असते त्याच क्षणी म्हणायचं. एकदा चुकलं की झालं. गोळी घेणारा माणूस हा निर्णय सकाळी, डोकं शांत असताना, एकदाच घेतो. गोळी गिळली की त्या दिवसाचा प्रश्न मिटला, इतकंच काय, पुढच्या काही दिवसांचाही. आता प्यायचं म्हटलं तर गोळीचा परिणाम ओसरेपर्यंत थांबावं लागेल, आणि तलफ सहसा थांबायला तयार नसते. ती काही वेळ चढते आणि ओसरते.

गोळी घेणाऱ्यांपैकी काही जण सांगतात, की प्यायची सोयच उरली नाही म्हटल्यावर विचारही कमी येतात. यात रसायनशास्त्र नाही. दार बंद आहे हे पक्कं माहीत असलं की मन ते ठोठावणं कमी करतं, एवढंच. पण हे सगळं त्याच माणसाच्या बाबतीत घडतं ज्याला गोळी म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि ज्याने ती स्वतःहून घेतली आहे.

पण अभ्यासांत तर गोळीचा फायदा दिसला नाही म्हणतात?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर रंजक आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला २५० मिलिग्रॅम डायसल्फिराम दिलं. दुसऱ्या गटालाही डायसल्फिरामच दिलं, पण फक्त १ मिलिग्रॅम, म्हणजे नावापुरतं. तिसऱ्याला जीवनसत्त्वाची गोळी दिली. वर्षभर दारूला शिवलेच नाहीत अशांचं प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखं निघालं. पुन्हा प्यायलेल्या आणि शेवटपर्यंत अभ्यासात राहिलेल्यांत मात्र फरक होता. पूर्ण डोसवाले वर्षात सरासरी ४९ दिवस प्यायले, नावापुरता डोसवाले ७५ दिवस आणि जीवनसत्त्ववाले ८६ दिवस.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. या अभ्यासात ठरल्याप्रमाणे नियमित गोळी घेणारे पाचांत जेमतेम एक निघाले. न घेतलेल्या गोळीचा गुण येणार कुठून?

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. औषध खरंच काम करतं का हे तपासायची नेहमीची रीत म्हणजे काहींना खरी गोळी द्यायची, काहींना तशीच दिसणारी खोटी, आणि कोणाला काय मिळालं हे कोणालाच कळू द्यायचं नाही. रक्तदाबाच्या गोळीला ही रीत चालते, कारण माणसाला माहीत असो-नसो, रक्तदाब उतरतो. डायसल्फिराम माणसाला परावृत्त करतं ते त्याला माहीत असण्यातून. “प्यायलो तर हाल होतील” असं ज्याला वाटतं आणि म्हणून जो पीतच नाही, त्याच्या दृष्टीने २५० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम यांत काही फरक नाही. खोट्या गोळीचा धाकही तेवढाच. म्हणजे अशा चाचणीत गोळीचं निम्मं काम खोट्या गोळीच्या खात्यावर जमा होतं.

२०१४ साली २२ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा नेमकं हेच समोर आलं. ज्या अभ्यासांत रुग्णाला आपण काय घेतोय ते माहीत होतं, त्यांत डायसल्फिरामचा फायदा स्पष्ट होता. जिथे ते लपवलं होतं, तिथे फायदा दिसेनासा झाला. यावरून “औषध निरुपयोगी” असा निष्कर्ष काढणारेही आहेत. मला तो पटत नाही. एवढं मात्र मान्य करायला हवं, की खुल्या अभ्यासांत डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या आशेचाही वाटा मिसळतो आणि तो वेगळा काढता येत नाही.

गोळी समोर घेतली जाते का, यावर सगळं आहे

अभ्यासांमधून वारंवार दिसणारी एक गोष्ट म्हणजे, कोणीतरी समोर उभं राहून गोळी दिली तर निकाल बदलतात. २००४ मध्ये मुंबईतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०० पुरुषांना दोन गटांत विभागून एकाला डायसल्फिराम आणि दुसऱ्याला नाल्ट्रेक्सोन हे तलफेवरचं औषध वर्षभर दिलं. अट अशी, की औषध वेळेवर घेतलं जातंय यावर घरातली एक व्यक्ती लक्ष ठेवणार. वर्षाअखेर डायसल्फिरामच्या गटातले ८६ टक्के लोक दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटातले ४४ टक्के. गंमत म्हणजे तलफ कमी होती ती नाल्ट्रेक्सोनच्या गटात. त्याच औषधाच्या अमेरिकेतल्या आणि मुंबईतल्या आकड्यांत एवढी तफावत का? औषध तेच होतं, पण सकाळी गोळी देणारा माणूस होता.

हा माणूस बहुतेक वेळा बायको, आई किंवा भाऊ असतो. कधी कामावरचा वरिष्ठ किंवा दवाखान्यातली परिचारिका. गोळी पाण्यात विरघळवून समोर प्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, म्हणजे ती जिभेखाली दडवून नंतर थुंकता येत नाही. पण यात एक धोका आहे. देणारी व्यक्ती पोलीस बनली आणि घेणारा आरोपी, की रोज सकाळी घरात एक चकमक ठरलेली. म्हणून जाणते समुपदेशक हा व्यवहार उलटा मांडायला सांगतात. गोळी बायकोने मागे लागून द्यायची नसते, नवऱ्याने तिच्यासमोर येऊन घ्यायची असते. कालच्या दारूचा विषय त्या वेळी काढायचा नाही. “घेतलीस ना, बरं वाटलं” एवढंच बोलायचं. एखाद्या सकाळी त्याने टाळाटाळ केली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला कळवायचं. गोळी चुकवणं हीच येऊ घातलेल्या पिण्याची पहिली खूण असते आणि १४ दिवसांच्या शिल्लक परिणामामुळे मध्ये हस्तक्षेप करायला सवड मिळते.

एकट्या राहणाऱ्यांचं काय? मानसशास्त्रज्ञ नेथन एझ्रिन यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं होतं, की जोडीदार असलेल्यांना समोर गोळी घेण्याची व्यवस्था जवळपास पुरेशी ठरली, पण एकट्यांना तेवढ्याने भागलं नाही. त्यांना काम मिळवून देणं, नवे सोबती जोडणं, रिकामा वेळ भरणं असा सगळा आधार लागला. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याच्याकडे सकाळी बघणारं कोणी नाही, त्याच्याकडे संध्याकाळीही नसतं.

न सांगता जेवणातून दिली तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न. “तो ऐकत नाही, गोळी घेणार नाही म्हणतो, मग भाजीत मिसळून दिली तर काय बिघडलं? चांगल्यासाठीच तर देतोय.” विचारणारी बाई दुष्ट नसते. ती थकलेली असते, बऱ्याचदा मार खाल्लेली असते आणि घरातला पैसा संपलेला असतो. तिला नुसतं “असं करू नका” सांगणं सोपं आहे. का करू नये, हे सांगणं गरजेचं आहे.

पहिलं कारण जिवाचं. ज्याला माहीत नाही तो थांबत नाही. माहीत असलेला माणूस एका घोटावर सावध होईल. नकळत गोळी पोटात गेलेला माणूस रोजच्यासारखा, रोजच्याइतकी पिईल. मळमळलं तर “आज जेवण बाधलं” म्हणेल आणि आणखी एक पेला ओतेल. जितकी जास्त दारू, तितका तडाखा मोठा. त्याचं हृदय कसं आहे, यकृत कसं आहे, आकडीचा त्रास आहे का, यातलं काहीही कोणी तपासलेलं नसतं. रुग्णालयात नेलं तर त्याला स्वतःला सांगताच येत नाही, की आपण काय घेतलंय. घरचे भीतीपोटी गप्प बसतात आणि डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतात.

दुसरं कारण वर सांगितलेल्या रचनेतूनच निघतं. हे औषध माहिती आणि संमतीच्या बळावर चालतं. ती दोन्ही काढून घेतली की उरते फक्त विषबाधा. माणसाने काही ठरवलेलंच नाही, तर गोळी राखणार कोणता निर्णय? आणि एक दिवस त्याला कळतं. कळतंच. त्यानंतर तो घरच्या अन्नावर विश्वास ठेवत नाही, पुढे कोणी खरोखर उपचार सुचवले तरी त्याला त्यात कट दिसतो.

अमेरिकेतल्या या औषधाच्या वेष्टनपत्रकावर चौकटीत छापलेला इशारा हाच आहे. दारूच्या अंमलाखाली असलेल्या किंवा पूर्ण माहिती न दिलेल्या रुग्णाला हे औषध कधीही देऊ नये आणि डॉक्टरांनी नातेवाइकांनाही तशी समज द्यावी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुड्यांमध्ये काय असतं हे वेष्टनावर लिहिलेलं नसेल, तर त्या घरातच आणू नयेत.

मग त्या बाईने करायचं काय? तो यायला तयार नसला, तरी तिने एकटीने व्यसनमुक्ती समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. पिणाऱ्याशी कधी आणि कसं बोलायचं, त्याच्या पिण्याला नकळत हातभार लावणाऱ्या कोणत्या गोष्टी थांबवायच्या, स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता कशी पाहायची, हे शिकवणाऱ्या पद्धती आहेत. त्यांनी बऱ्याच जणांना उपचारापर्यंत आणलेलं आहे. वेळ लागतो, पण त्यात कोणाचा जीव पणाला लागत नाही.

कोणाला चालत नाही, कुठे सांभाळायचं

हृदयाचा गंभीर आजार, मनोविकृतीचा म्हणजे भास-भ्रमांचा आजार आणि गरोदरपण, यांत डॉक्टर सहसा डायसल्फिराम देत नाहीत. यकृत बरंच खराब झालं असेल तरीही टाळतात. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी ती आवर्जून सांगावी. का, ते या औषधाच्या जन्मकथेत आलंच आहे.

यकृतावरचा दुष्परिणाम क्वचित होतो, पण झाला तर वाईट असतो. यकृताच्या तीव्र, कधी जीवघेण्या ठरणाऱ्या दाहाचं प्रमाण दरवर्षी साधारण १० ते ३० हजार रुग्णांमागे एक असं धरलं जातं. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, यकृताच्या रक्तचाचण्या करतात. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक एकदम गेली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्याखेरीज सुस्ती, तोंडाला धातूसारखी चव, दीर्घकाळात हातापायांना मुंग्या, क्वचित नजर मंद होणं किंवा भ्रम होणं, हेही दिसतं. मेट्रोनिडॅझोल हे जुलाबावरचं आणि दातांच्या संसर्गावरचं नेहमीचं औषध सोबत घेतलं तर मानसिक गोंधळ उडू शकतो. फिट्सवरचं फेनिटोइन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचा परिणाम वाढतो.

लपलेली दारू हा वेगळाच विषय. खोकल्याची काही पातळ औषधं, टिंक्चर, माउथवॉश, दारू घालून शिजवलेले पदार्थ, यांतून इथेनॉल पोटात जातं. सॅनिटायझर, आफ्टरशेव्ह आणि अत्तरांनीही काहींना त्रास होतो. वेष्टन वाचायची सवय लावून घ्यावी लागते.

शेवटची दारू आणि पहिली गोळी यांत किमान १२ तास हवेत. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच अचानक दारू तोडून गोळीची वाट बघत बसू नये. अशा माणसाला दारू एकदम थांबली की दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, थरथर आणि भ्रम होऊ शकतात आणि त्यातही जीव जाऊ शकतो. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन पार पाडावा लागतो. डायसल्फिराम त्यानंतर.

भीतीने सोडलेली दारू खरी सुटलेली का?

हा आक्षेप घेणारे बहुतेक जण स्वतः कधी व्यसनात नसतात, असं माझं निरीक्षण आहे. “इच्छाशक्ती असेल तर गोळी कशाला?” हे त्याचंच दुसरं रूप. रोज सकाळी स्वतःहून ती गोळी उचलून तोंडात टाकणं ही इच्छाशक्ती नाही तर काय आहे? घेणाऱ्याला पूर्ण ठाऊक असतं, की आज आपण स्वतःचा रस्ता बंद करतोय.

मात्र आक्षेपात तथ्य आहे ते असं. गोळी वेळ मिळवून देते, त्या वेळेत काय करायचं ते ती सांगत नाही. दारूशिवायचे पहिले काही महिने झोप, चिडचिड, कर्ज, तुटलेली नाती असं सगळं एकदम समोर उभं राहतं. समुपदेशन, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या गटांच्या बैठका, सोबतच्या नैराश्यावर उपचार, हे त्या काळात झालं नाही तर गोळी संपते तेव्हा माणूस होता तिथेच असतो. गोळीचं मात्र व्यसन लागत नाही, ती नशा आणत नाही. एक व्यसन सोडून दुसरं लावून घेतलं, असं होत नाही.

तलफेवरची औषधं वेगळी

ज्यांना डायसल्फिराम चालत नाही किंवा नको आहे, त्यांच्यासाठी पर्याय आहेत. किंबहुना आज बरेच डॉक्टर सुरुवात याच औषधांनी करतात. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करतं, त्यामुळे एकावर थांबणं जमू लागतं. अफूवर्गीय वेदनाशामकं घेणाऱ्यांना ते देता येत नाही. ॲकॅम्प्रोसेट दारू सुटल्यानंतरची अस्वस्थता शमवतं आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, म्हणून यकृत दुबळं असलेल्यांना सोयीचं. या दोन्हींसोबत दारू घेतली तर डायसल्फिरामसारखी प्रतिक्रिया येत नाही.

त्यांचा गुण किती? २०२३ मध्ये झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार ॲकॅम्प्रोसेट ११ जणांना दिलं तर त्यामुळे एक जास्तीचा माणूस दारूकडे परतण्यापासून वाचतो. नाल्ट्रेक्सोनच्या गोळीसाठी हा आकडा १८. ऐकायला कमी वाटेल, पण रोजच्या वापरातल्या इतर आजारांच्या बऱ्याच औषधांपेक्षा हे वाईट नाही.

किती दिवस घ्यायची, आणि मध्येच प्यायला तर?

ठरावीक मुदत नाही. काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत ती चालते. आयुष्याची घडी बसली, तलफेशी दोन हात करायची सवय झाली, असं रुग्णाला आणि डॉक्टरांना दोघांनाही वाटलं की बंद करतात. काही जण पुढेही अडचणीच्या दिवसांपुरती, एखाद्या समारंभाआधी वगैरे, डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करतात.

गोळी चालू असताना कोणी प्यायलाच, तर ओरडण्यात वेळ घालवू नये. त्याला आडवं झोपवावं, पाय थोडे उंच करावेत, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. एकट्याला सोडू नये. छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, आकडी, यांतलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय. या प्रतिक्रियेवर खास उतारा नाही. शिरेतून द्रव, प्राणवायू आणि हृदयावर नजर ठेवणं, हाच उपचार, आणि तो वेळेत मिळायला हवा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘हा डायसल्फिराम घेतो आणि आज दारू प्यायलाय’ हे असावं. त्याला स्वतःला बोलता येईल याचा भरवसा नसतो. म्हणून औषधाचं नाव, डोस आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेलं कार्ड गोळी घेणाऱ्याने नेहमी खिशात ठेवावं आणि गोळी बंद केल्यावरही ते निदान दोन आठवडे काढू नये.